रोलर गप्प झाला तेव्हा

मी रोलर चालवायचो आणि आमची ही रस्त्याच्या टोकाला निशाण घेऊन उभी राहायची. दोघांच्या मध्ये अर्धा मैल नवं डांबर. रोलर फिरतोय तोवर तिने लाल निशाण धरून गाड्या थोपवायच्या आणि रोलरचा आवाज थांबला की रस्ता मोकळा समजून हिरवं दाखवायचं, असं मुकादमाने ठरवून दिलं होतं. ओरडून सांगायची सोय नव्हती. त्या धडधडीत माझं मलाच ऐकू येत नसे.

त्या दुपारी तिच्यासमोर एक बस आणि बसच्या मागे सात-आठ ट्रक खोळंबले होते. बस तिच्या पुढ्यात भिंतीसारखी उभी, त्यामुळे पलीकडचं आभाळ तिला दिसतच नव्हतं. मला दिसत होतं. बसच्या मागून एक लहान विमान खाली खाली येत होतं आणि त्याच्या नाकावरचा पंखा फिरत नव्हता. आसपास सगळे खडक आणि झाडं. सरळ, सपाट असा आमचा रस्ताच तेवढा होता, आणि त्यावर मधोमध मी.

उडी मारून पळालो असतो तर रोलर तिथेच राहिला असता आणि विमान त्यावर आदळलं असतं. रोलर बंद करायची तर सोयच नव्हती. आवाज थांबला की ही हिरवं दाखवणार, आणि बस बरोबर विमानाखाली येणार. म्हणून इंजिन चालू ठेवूनच मी रोलर कडेला वळवला. चालणारा माणूस मागे टाकेल असा त्याचा वेग. कडेची माती भुसभुशीत होती. पुढचं चाक रुतलं, रोलर कलंडला आणि इंजिन गचका खाऊन बंद पडलं.

एकदम शांत झालं. बस पुढे सरकलेली मी पाहिली. निशाण मात्र लालच होतं. हिने दुसरा हात बसच्या काचेवर टेकवला होता.

विमान बसच्या टपावरून गेलं, हिच्या डोक्यावरून गेलं, रस्त्याला टेकलं, एकदा उसळलं आणि माझ्या जवळून घसटत पुढे जाऊन थांबलं. त्यातून एकटीच उतरली ती माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची मुलगी. उतरली आणि रस्त्यावरच बसली.

ही धावत आली ती विमानाकडे न बघता माझ्याकडे. हात-पाय चाचपून झाले, मग त्या मुलीला पाणी दिलं. मुलीने माझा हात धरून आभार मानले. मी म्हटलं, आभार हिचे मान. आणि हिला विचारलं, आवाज थांबला तरी हिरवं का नाही दाखवलंस.

"तुम्ही बंद करताना आधी दोनदा इंजिन मोठ्याने घुमवता. आज मधेच गेलं. म्हटलं, यांनी बंद केला नाही, यांनाच काहीतरी झालंय."

बसच्या ड्रायव्हरने खाली उतरून बाकीचं सांगितलं. तो गाडी काढत होता तेव्हा ही म्हणाली होती, "माझा माणूस तिकडे आहे. तो दिसेपर्यंत गाडी माझ्यावरून घालावी लागेल." मागे बसमध्ये पन्नास माणसं होती.

मुलीने हिला मिठी मारली आणि रडली. हिने तिची पाठ थोपटली, म्हणाली, "पुढच्या वेळी हॉर्न वाजवत ये, बाई." मुलगी रडता रडता हसली.

इतक्या वर्षांत मी हिला कधी "बरं केलंस" असं म्हटलं नव्हतं. सगळं आपसूक होतं असंच धरून चाललो होतो. तिथे, सगळ्यांसमोर म्हटलं, "तू होतीस म्हणून."

ही त्या मुलीकडे वळली.

"यांच्या डोक्याला मार लागलाय का, जरा बघतेस?"

पण हिने धरलेला माझा हात काही सोडला नाही.