हौ, आपा

त्या शुक्रवारी सकाळी मी अकरावीच्या मुलांना समास शिकवत होतो आणि मागच्या बाकावर कुणीतरी मोबाइलवर क्रिकेट बघत होतं. मी नेहमीसारखा तो फोन काढून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि तास संपल्यावर परत देताना, माणसानं एका वेळी एकाच ठिकाणी असावं, असं काहीतरी बोललो. मग डबा न उघडताच निघालो, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत मोटारसायकल लावली, हातपाय धुऊन वुजू केलं आणि मशिदीत तिसऱ्या रांगेत खांबाजवळच्या माझ्या जागेवर जाऊन बसलो.

मशिदीच्या दारावर मोबाइल बंद ठेवण्याविषयी मोठ्या अक्षरांतली पाटी आहे. नमाजेला उभं राहण्याआधी इमामसाहेब तेच पुन्हा तोंडानं सांगतात, आणि मग रांगारांगांतून हात खिशात जातात, बारीक सूर निघतात, विझतात. मी फोन बंद करत नसे; नुसता आवाज घालवत असे. खुलताबादला एकटी राहणारी माझी थोरली बहीण, कनीज आपा, हिला जुम्म्याचं, शुक्रवारच्या नमाजेचं, भान राहत नसे आणि ती नेमकी त्याच सुमाराला फोन करी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचा फोन आला की मी तो स्पीकरवर टाकून पेपर तपासत बसायचो आणि मधूनमधून ‘हाँ, हाँ’ म्हणायचो. आमच्या घरची बोली दखनी, आणि दखनीत होकाराला ‘हौ’ म्हणतात. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी वर्गात तो शब्द माझ्या तोंडून निसटला, मुलं हसली, आणि तेव्हापासून मी तो टाकला. घरीही टाकला. “साहेब हो गया मेरा वज्जू,” असं माझं घरचं नाव घेऊन आपा हसायची. तिला ते लागलं असेल का, हे मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या रकातीसाठी, नमाजेच्या दुसऱ्या फेरीसाठी, उठताना खिशात थरथर सुरू झाली. अशा वेळी फोनकडं न बघता, एकाच हातानं, चाचपून तो बंद करावा. दोन्ही हात लावले किंवा नजर वळवली तर नमाज मोडते, असं आम्हाला सांगितलेलं आहे. मी खिशात हात घातला, अंगठा काचेवरून सरकवला. थरथर थांबली.

बाहेर पायऱ्यांवर येऊन फोन काढला तेव्हा कळलं, की कॉल तोडला गेला नव्हता, उचलला गेला होता. आकडे अजून पळत होते. मी फोन कानाला लावला. पलीकडं कोंबड्या होत्या, बादली ठेवल्याचा आवाज होता, आणि मग आपाच्या शेजारणीची, रत्नमालाबाईंची हाक आली, “आपा, चहा निवायला ना.” पावलं फोनजवळ आली. मग त्या म्हणाल्या, “अगं बाई.”

आपा गेल्याची बातमी मला अशी कळली.

खुलताबादला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. रत्नमालाबाई डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. “लई वेळ बोलत बसल्या व्हत्या तुमच्यासंगं,” त्या म्हणाल्या. “इथं उंबऱ्यावर, असा कानाला फोन लावून. मी धुणं वाळू घालत व्हते. मधीच हसायच्या, मधीच ‘फिर? फिर?’ करून इचारायच्या. लई दिसांनी अशा हसल्या बगा. काय सांगत व्हते सर एवढं?”

“असंच,” मी म्हणालो. “इकडचं तिकडचं.”

ते सगळ्यांना कळलं. मयतीला आलेला जो तो माझा हात हातात घेऊन म्हणत होता, नसीबवाला भाई है, आखरी बात इसीसे हुई. मी मान खाली घालून ऐकून घेत होतो आणि लोकांना ते दुःख वाटत होतं. शरमेला आणि दुःखाला मान एकाच बाजूला झुकवावी लागते, हे मला तेव्हा सोयीचं पडलं. पण मातीला हात लावून परत येताना मनात एकच गोष्ट होती: मी तर एक शब्दही बोललो नव्हतो. माझ्या खिशातल्या अंधाराला आपा हसली कशी? तिला शेवटी कुणी ऐकलं की नाही, एवढंच मला हवं होतं. त्याहून जास्त काही मागायचा मला हक्क नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मी मशिदीच्या पायरीवरच फोन पुरता बंद केला. नमाज संपताना आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याकडं मान वळवून सलाम करतात. मी डावीकडं वळलो तेव्हा शेजारचे गनीभाई माझ्याकडंच पाहत होते. गनीभाईंचं गुलमंडीत साड्यांच्या फॉलचं आणि अस्तराचं दुकान आहे, आणि कित्येक वर्षं आमचे खांदे एका रांगेत लागलेले आहेत. चपला घालताना ते हसत म्हणाले, “क्या मास्टर, बीवी घर में बात नै करने देती क्या?”

“का? काय झालं?”

“नमाज में फोन पे बातां? वो बी इत्ती लंबी?”

मी खिशातून फोन काढून दाखवला. काळा, बंद. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. “उस जुम्मे को बी सुना था मैंने,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “बाद में मालूम पडा, आपा का आखरी फोन था. दिल में बोला, अल्ला माफ करेगा, बहन-भाई हैं. लेकिन आज कौन था?”

“काय बोलत होतो मी?”

“वोच. ‘हौ आपा, हौ.’”

मी म्हणालो, तुम्हाला भास झाला असेल. ते बरं म्हणाले आणि दुकानाकडं गेले. मी मात्र तिथंच उभा राहिलो, कारण तो शब्द एके काळी माझ्या तोंडी होता हे गनीभाईंना माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी फोन घरी ठेवला, माझ्या बायकोच्या, शगुफ्ताच्या समोर. परत आल्यावर विचारलं, तर ती मटार सोलता सोलता म्हणाली, “इथंच पडलाय. वाजला नाही, हलला नाही. कुणाची वाट बघताय?” त्या दिवशी सलाम फेरताना गनीभाईंनी मान अर्धीच वळवली होती, म्हणजे त्यांना पुन्हा ऐकू आलं होतं. मग मी जागा बदलून पाहिली, अगदी मागं, पंख्याखाली गेलो. तिथं वाळूजच्या कुठल्याशा कंपनीचा शर्ट घातलेला, पूर्वी कधी न पाहिलेला तरुण शेजारी आला. नमाज संपल्यावर तो फटकन म्हणाला, “चाचा, नमाज है ये, चाय की टपरी नै.” आजूबाजूची दोनचार माणसं वळली. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी होता. त्यानं चटकन नजर काढून घेतली, जशी मी त्याच्या चुकीच्या उत्तरावरून कधी काढून घेतली नव्हती.

मी दात आवळून उभा राहू लागलो. पण सजद्यात, कपाळ टेकल्यावर, ओठ हलवावेच लागतात, आणि ओठ हलवताना मी ऐकण्याचा प्रयत्न करी: माझा आवाज नेमका कुठून निघतो, घशातून, खिशातून, की पायाखालच्या चटईतून? मला ऐकू येत असे ते फक्त इमामसाहेबांचं पठण आणि शेजाऱ्यांचे श्वास. एकदा इमामसाहेबांनी मला थांबवून घेतलं. “गम बडी चीज है,” ते मऊपणे म्हणाले. “थोडे दिन आप आखरी सफ में, कोने में खडे रहिए. लोगां को तकलीफ होती.” मी ‘हाँ’ म्हणालो. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन काढून घेतले, त्याला शेवटच्या रांगेचा कोपरा मिळाला.

गनीभाई मात्र त्या कोपऱ्यातही माझ्या डावीकडं येऊन उभे राहू लागले. रांगेत माणसाला एकटं ठेवू नये, असं ते म्हणाले. एका शुक्रवारी मी त्यांना गल्लीतल्या हॉटेलात चहाला नेलं आणि विचारलंच, की तो, म्हणजे मी, काय काय बोलतो.

“छोडो ना मास्टर.”

“सांगा.”

त्यांनी बशी फिरवली. “घर की बातां. घुटने दुखते क्या, दवा ली क्या. कॉलेज में पोट्टे कैसे सताते, वो सुनाते आप. मजेदार सुनाते. पिछलेच जुम्मे को मेरी खुद की हँसी छूटती थी, नमाज में! एक लडका समास पूछा तो समोसा बोला बोले. सच्ची बात है क्या?”

सच्ची होती. ती मी कुणालाही सांगितली नव्हती. आपाला तर नाहीच. तिच्या गुडघ्याचं मी कधी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून मी नमाजेला उभा राहत होतो, पण नमाज होत नव्हती, हे लिहिलं पाहिजे. मी गनीभाईंच्या चेहऱ्यासाठी जात होतो. डाव्या सलामाची वाट बघत होतो. माझ्यापेक्षा चांगला एक भाऊ माझ्या जागी उभा राहून माझ्या बहिणीशी बोलत होता, आणि मी त्याच्या बोलण्याची बातमी शेजाऱ्याकडून उसनी घेत होतो. पहिल्या दिवशी आपाचं शेवटचं हसू त्यानंच मिळवलं असणार. हेवा वाटावा की पाया पडावं, मला ठरवता येत नव्हतं. एकदोनदा मनात आलं की आपणही बोलून पाहावं, नमाज मोडली तर मोडली, एकदा मोठ्यानं तो शब्द म्हणावा. पण ओठ पाठ असलेलंच म्हणत राहिले.

शेवटचा शुक्रवार पावसाळा संपतानाचा होता. गनीभाईंनी सलाम फेरला आणि ते माझ्याकडं वळले.

“आज कम बोले आप,” ते म्हणाले. “इत्ताच बोले, ‘हौ आपा, आज आता हूँ. दरवाजा खुला रखो.’”

मी घरी आलो. फोन कपाटावर होता, जिथं ठेवला होता तिथंच. हातात घेतला तोच वाजला. रत्नमालाबाई होत्या.

“सर, दार उघडलंय बगा. झाडून बी घेतलं. जाळ्या लई झाल्या व्हत्या. कवाशिक येता?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“घ्या! आत्ता तुमीच बोललात की फोनवर.” त्या हसल्या. “मी म्हटलं, खरंच येता ना सर? तर ‘हौ’ म्हटलात. अगदी आपावानी. मला लई बरं वाटलं.”

मी फोन कानाशी धरून ठेवला. पलीकडं मला बाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागं रिकाम्या खोलीत झाडलेल्या फरशीचा थंड, उघडा आवाज.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. “उशीर झाला व्हय?” त्यांनी विचारलं. “बरं, या सावकाश. मी हाय हितंच. का दार लावून घेऊ?”

त्यानंतरही त्या अधूनमधून फोन करतात आणि बोलणं संपताना तेच विचारतात. मी अजून गेलेलो नाही; दार लावून घ्या, असंही मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.