पदराखालचं

‘दुखनं पदरखाले ठेव, पोरी, हासू तेवढं व्हटवर,’ सासरी पाठवताना आई म्हणाली होती. आईला जाऊन जमाना झाला, पण यशोदाबाईंच्या कानातून तो आवाज काही गेला नाही.

भडगावच्या दवाखान्यात डॉक्टर रिद्धीनं विचारलं, ‘‘काय त्रास होतोय, आजी?’’

‘‘बठ्ठं बरं शे.’’

‘‘मग आलात कशाला?’’

‘‘तुले देखाले उनू. फी लागस का त्यानी?’’

रिद्धी हसली. मागच्या खेपेलाही हेच उत्तर ऐकून तिनं शक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. आज रक्तदाब मोजायला तिनं डावा हात धरला, तशी म्हातारी आक्रसली आणि पदर छातीशी घट्ट धरून बसली.

रिद्धीनं दार लोटलं. टेबलामागची खुर्ची सोडून ती बाकावर त्यांच्या शेजारी बसली. तिची आजी चंदनबाई घरात मारवाडी बोलायची, पण कापडाच्या दुकानात आलेल्या बायांशी अहिराणीच. ती बोली रिद्धीनं दवाखान्यात कधी आणली नव्हती.

‘‘काय लपाडी ऱ्हायनी, माय?’’

यशोदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. नवरा गेला, लेक पुण्याला गेला. तेव्हापासून या बोलीत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. हळूहळू पदरावरची मूठ सैल झाली.

‘‘गाठ शे आठे,’’ छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवत त्या म्हणाल्या. ‘‘दिवाईना सनपाईन. पन सांगू कोनले, माय? घरमा निस्त्या भिंती शेतस.’’