ध्रुवाजवळचा सुपारीचा गणपती

सुजय दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर वेल्डर म्हणून निघाला, तेव्हा त्याच्या आईनं, हुडको कॉलनीतल्या रत्नमालाबाईंनी, त्याच्या बॅगेत एक सुपारी ठेवली. गणपती मांडल्याशिवाय नव्या कामाला हात लावायचा नाही, असं बजावलं. पोरानं ऐकलं. नव्या शेडच्या दाराशी, बर्फावर चिमूटभर तांदूळ टाकून त्यानं सुपारी मांडली. उत्तरपूजा मात्र विसरला.

पलीकडच्या टेकडीवर दुसऱ्या देशाचं ठाणं होतं. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि तक्रार ठोकली, की या लोकांनी बी पेरलं, आता शेती दाखवून जमीन बळकावतील. लगेच आपलाही हक्क दाखवायला त्यांनी समोर टपालपेटी रोवली. तिसऱ्या देशानं बाकडं आणून टाकलं. पत्र टाकायला कोणी नव्हतं, बसायलाही नव्हतं.

इकडे सुपारीभोवतीची पाच किलोमीटर जमीन देशाला मिळणार म्हणून रत्नमालाबाईंचे यजमान, प्लांटमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले श्यामराव, यांचा कॉलनीच्या बागेत सत्कार झाला. हार घालूनच ते घरी आले.

"एका सुपारीत पाच किलोमीटर, रत्ना! दिल्लीहून कागद आला. तू सही कर, का हा देव आहे अन् हलवता येत नाही. आपल्याकडं देवाच्या नावानं जमीन होते."

"अन् तिथं त्याले दिवा कोण लावते?"

"इथं देशाचं चालू आहे, तुले दिव्याचं पडलं!"

"मले पडलंच. बोलावून आणलेल्या पाहुण्याले थंडीत बसवून ठेवलं, अन् वरून त्याच्या नावानं सातबारा काढून राहिले तुमी."

उत्तरपूजा होईस्तोवर रत्नमालाबाईंनी अन्न सोडलं होतं. दूध-केळ्यावर सोळावा दिवस होता. सही न करता त्यांनी कागद घडी करून परत दिला आणि पोराला व्हिडिओ कॉल लावला.

"अक्षता वाहा, बाबू. आता सुपारी उत्तरेकडं जराशी सरकव."

"आई, इथं ध्रुवाच्या टोकाशी जिकडं पाहावं तिकडं उत्तरच आहे!"

"मग कुठंही सरकव. त्याले कुठं हद्द आहे?"

सुजयनं सुपारी बोटभर सरकवली. रत्नमालाबाईंनी हात जोडले. मागं श्यामरावांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. "गेले! पाचही किलोमीटर गेले!"

तेवढ्यात तळाचे साहेब रजिस्टर घेऊन कॅमेऱ्यात वाकले. "माताजी, फाइल में लिखना पड़ेगा. भगवान अब कहाँ गए?"

"आपल्या घरी गेले."

साहेबांनी लिहिलं, मग पेन थांबलं.

"वो कौन से देश में पड़ता है, माताजी?"