चाकावरची रेघ

“छंद या रकान्यात काय लिहू?” नोकरीचा अर्ज भरता भरता मुलीने विचारले तेव्हा माझ्या तोंडात दोन खिळे होते, म्हणून उत्तर तिच्या आईने दिले.

“वाचन लिही. सगळे वाचनच लिहितात.”

“मी कुठे वाचते?”

“ते तरी कुठे वाचतात?”

आमचे बॅगा दुरुस्तीचे दुकान आहे. पुढे काउंटर, मागे शिलाई मशीन आणि मधल्या जागेत लोकांच्या बॅगा. शाळेत असल्यापासून मुलगी इथेच वाढली. तिचा खरा छंद मला ठाऊक होता. आलेली बॅग ती उलटी करायची, चाके निरखायची आणि सांगून मोकळी व्हायची, “डावं चाक जास्त झिजलंय, म्हणजे डावखुरे आहेत. दगडी रस्त्यावर राहतात.” गिऱ्हाईक आले की मी आडून आडून चौकशी करायचो आणि बहुतेक वेळा कार्टीचेच खरे निघायचे.

शेवटी तिने लिहिले, ‘लोकांच्या बॅगा बघणे.’ आईने कपाळावर हात मारला. कौशल्याच्या रकान्यात मुलीने लिहिले, ‘चेन बसवणे, हँडल बदलणे, कुलूप न तोडता उघडणे.’

“झालं. आता तर पोलीसच बोलावतील,” आई म्हणाली.

पुढे काय व्हायचे आहे, याचे उत्तर तिने विचार न करता लिहिले. सहलीसोबत जाणारी सहायक. प्रवासाचा रकाना मात्र कोराच होता.

“मावशीकडे गेली होतीस की दोनदा,” मी खिळे काढून म्हणालो.

“दोन्ही वेळा तोंडाला पिशवी लावून गेले बाबा. रस्ता बघितलाच कुठे?”

आमच्या मुलीला गाडी लागते. साधी नाही, बसचा हॉर्न ऐकूनही चेहरा उतरतो. अशा मुलीला सहल कंपनीत नोकरी हवी होती आणि मला ती तिथे जायला नको होती. सरळच सांगतो. ती गेली तर मशीनवर कोण बसणार, असे मी घरात म्हणत होतो. ती गेली तर दुकानात बोलायचे कोणाशी, हे मी कोणाला म्हटले नव्हते.

ती हात धुवायला गेली आणि मी अर्ज पुढे ओढला. तळाशी एक रकाना तिने सोडून दिला होता. ‘प्रकृतीची काही तक्रार?’ मी पेन उचलले आणि ठसठशीत अक्षरात लिहिले, ‘गाडी लागते.’ यात खोटे काहीच नव्हते, असे मनाला बजावले. पाकीट लगेच चिकटवूनही टाकले. एवढी तत्परता माझ्या हातून धंद्यात कधी झालेली नाही.

तरीही मुलाखतीचे बोलावणे आले. मी सोबत गेलो.

“बाबा, बाहेर बसायचं. तोंड उघडायचं नाही,” तिने दम भरला.

मी दाराबाहेरच्या बाकावर बसलो. दार अर्धे उघडे होते. आत कंपनीचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत होते, आणि दोन कारकून. भिंतीवर नकाशे. साहेबांच्या टेबलाशेजारी एक भली मोठी लाल बॅग, तिच्यावर देशोदेशींचे स्टिकर. फिरती खुर्ची कोपऱ्यात सारून साहेब स्वतः साध्या लाकडी खुर्चीवर बसले होते. कंबर धरली असेल बिचाऱ्यांची, मला वाटले.

“प्रवास कोरा? आणि खाली हे... गाडी लागते?”

मुलीने हळूच मान वळवून दाराकडे पाहिले. मी समोरच्या कॅलेंडरमध्ये या महिन्यात किती रविवार आहेत ते बघू लागलो.

“हो साहेब. लागते.”

“आणि तरी लोकांना घेऊन फिरायचंय?”

“‘नको’ असं पोट म्हणतं साहेब. मी नाही म्हणत.”

तिचा तो आवाज ऐकून मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षे ती बॅगा उलट्या करून काय शोधत होती, ते बापाला एका बाकावर बसून कळले.

“बॅगा बघता म्हणे,” साहेब हसले. कारकूनही हसले. “मग आमची बघा. पंचवीस वर्षांची सोबत आहे. जाहिरातीत हीच असते.”

मुलीने गुडघे टेकून बॅग तिरकी केली. मलाही चाक दिसले. नव्या चाकावर साच्याची एक बारीक रेघ असते. बॅग स्टेशनापर्यंत ओढली तरी ती पुसली जाते. साहेबांच्या बॅगेच्या चाकांवर रेघ जशीच्या तशी होती. बॅग दुकानातून उचलून आणून इथेच ठेवली होती.

आता ही बोलणार आणि मुलाखत आटोपणार. मला तेच तर हवे होते. पण मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको ग, गप्प बस.

तिने बॅग सरळ केली, वरची धूळ हाताने पुसली. “साहेब, बॅग फार जपून वापरलीत तुम्ही.”

साहेबांनी दोघा कारकुनांना बाहेर घालवले. दार लोटले, पण ते नीट लागले नाही. हे त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवे होते. पण मला तोंड उघडायची बंदी होती.

“गोळी कुठली घेता?” साहेबांनी हळू आवाजात विचारले.

“अजून कुठलीच नाही.”

“मी सगळ्या घेऊन बघितल्या. मला फिरत्या खुर्चीवरसुद्धा लागते.” ते थांबले. “तुम्ही जा. आल्यावर सांगा मला, कसं असतं तिकडे.”

बाहेर आल्यावर बस स्टॉपपाशी ती थांबली.

“अक्षर तुमचं होतं, बाबा.”

“खोटं नव्हतं लिहिलं.”

“नव्हतं. चला, आता घरापर्यंत चालत.”

आम्ही चालत आलो. तासभर लागला. ती सारखी हसत होती आणि मी वर बघत नव्हतो.

दहा महिन्यांनी ती दोन दिवसांसाठी आली. नोकरीवर निघताना मी दिलेली तपकिरी बॅग तिने गिऱ्हाइकासारखी काउंटरवर उलटी ठेवली. “चाकं बदलून द्या. सहाची गाडी आहे.”

बाजूच्या कप्प्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटे खाली पडली. डावे चाक उजव्यापेक्षा जास्त झिजले होते. मुलगी तर उजव्या हाताची.

“उजव्या हातात दुसऱ्या कुणाची बॅग असते ना?”

“म्हातारी माणसं असतात बाबा. त्यांना ओढवत नाही.”

मी चाकावरून अंगठा फिरवला. रेघ कुठेच लागली नाही.

“अजून एक खेप निघेल यांच्यावर,” मी म्हणालो.

“निघणार नाही. तुम्हालाही माहितीये.”

मी नवी चाके बसवली. ती गेल्यावर जुनी दोन्ही पुसून काउंटरच्या खणात ठेवली.

“ही कशाला ठेवताय?” बायकोने विचारले.

“गिऱ्हाईक परत मागायला आलं तर?”

तिने कापडाने झाकून ठेवलेल्या मशीनकडे पाहिले आणि खण हलकेच आत ढकलला.