चोवीस चिठ्ठ्या आणि एक दार

मी एक जुनी मतपेटी आहे, जाड पत्र्याची, अजून गंज न धरलेली. मित्रांनो, आज मी आरमोरीजवळच्या एका शाळेत खडू सांभाळते, म्हणून मला हलकं समजू नका. एके काळी मला बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात जंगलातल्या केंद्रांवर नेत. तोंडावर लाखेचं सील असे. लोक कोस-कोस चालत येत, बोटाला शाई लावून घेत आणि आपलं मत माझ्या पोटात टाकत. मग यंत्रं आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू!

यंदा सातवीच्या नीलाबाईंनी मला पुसून टेबलावर ठेवलं. ग्रामसभेने शाळेला निरोप दिला होता की एकच वस्तू मागा, ती देऊ. मुलांच्या मागण्या तीन. विक्कीला व्हॉलीबॉलचं नेट हवं होतं, मिथुनला गोष्टींची पुस्तकं आणि दिव्यानीला मुलींच्या संडासाला दार. बाई तेव्हा देशोदेशींच्या निवडणुका शिकवत होत्या. म्हणाल्या, "चला, मत टाकूनच पाहू."

वर्गात मुलं पंचवीस, चिठ्ठ्या पडल्या चोवीस. मंगली आली नव्हती. नेटला दहा, दाराला आठ, पुस्तकांना सहा.

"आपला आमदार किंवा इंग्लंडचा खासदार निवडताना इथेच निकाल लागतो, ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला," बाई म्हणाल्या. विक्की बाकावर नाचायला लागला. "पण फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. कोणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान."

पुन्हा मतदान झालं. बारा-बारा! विक्कीचं तोंड एवढंसं झालं.

"बाई, तुमीच सांगलं, ऑस्ट्रेलियात मत नाई टाकलं त दंड लागते," तो चिडून म्हणाला. "मंगलीले दंड करा! थे नेहमीच घरी रायते."

"काऊन रायते, इचारलं का कधी?" दिव्यानी ताडकन उठली. "संडासले दार नाई म्हणून. दर महिन्याले चार दिवस थे घरीच बसते. माह्यंबी तसंच हाय."

चिठ्ठ्या दोनदा माझ्या पोटात येऊन गेल्या होत्या, पण हे कारण एकीवरही लिहिलेलं नव्हतं.

बाई तिसऱ्यांदा चिठ्ठ्या वाटू लागल्या. विक्कीने आपली घेतलीच नाही. खाली मान घालून म्हणाला, "राहू द्या बाई. दारच मांगू. मले मालूम नव्हतं." कोणीच 'नाई' म्हटलं नाही. इथल्या ग्रामसभेतही असंच चालतं म्हणे, सगळ्यांचं एक होईपर्यंत लोक उठत नाहीत. मी मात्र ते पहिल्यांदाच पाहिलं. थोडा रागही आला, मला कोणी विचारेचना!

संडासाला दार बसलं. मंगली आता रोज येते. मित्रांनो, मला जपा, गंजू देऊ नका, मी पुढेही लागेन. फक्त माझ्यात चिठ्ठी टाकण्याआधी एकदा वर्गावर नजर फिरवा, आणि जो आलेला नाही त्याच्या घरी जाऊन या.