साऱ्या पाऱ्याची लाईट

शर्मिष्ठाने ओढणी बादलीत बुडवून पिळली आणि गौतमच्या उघड्या छातीवर पसरली. डोक्यावरचा पंखा नुकताच थांबला होता. सकाळचे आठ वाजले की घरमालक भैय्यालाल वरच्या मजल्यावरून लाईट बंद करी. भाडेकरू तोवर कामावर गेलेले असत. गौतम मात्र उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून सातला घरी येई.

ओढणी पाच मिनिटांत कोमट झाली. तो भिंतीकडे वळला.

"काल डोळा लागला मले. उभ्या उभ्या. लाल सळई अशी बाजूनं गेली."

त्याने बोटांनी अंतर दाखवले. वीतभरही नव्हते.

शर्मिष्ठा उठली. मे लागल्यापासून मनात घोळवलेले बोलणे तिने जिना चढता चढता पुन्हा जुळवले. भाड्यात लाईट धरलेली आहे. माणूस झोपला नाही तर एक दिवस मरेल.

वरचे दार उघडेच होते. भैय्यालालची बायको कमला खाटेवर पडली होती, तोंड उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तो उशाशी बसून घडी घातलेल्या वर्तमानपत्राने तिला वारा घालत होता. वरचाही पंखा बंद होता.

"मेन ही गिरा देता हूँ, बेटी," शर्मिष्ठाची नजर वर गेलेली पाहून तो ओशाळून म्हणाला. "रात भर इसकी साँस वाली मशीन चलती है. दिन में थोड़ा बचाता हूँ." मग त्याने विचारले, "कुछ काम था?"

"नहीं. नल आया क्या, पूछने आई थी."

त्याने वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतले. तिने त्याच्या हातातून वर्तमानपत्र घेतले आणि खाटेच्या कडेला बसली. तो उठून पाणी प्यायला गेला. तो परत येईपर्यंत ती वारा घालत राहिली.

ती खाली आली तेव्हा गौतम जागाच होता.

"काय म्हणला?"

"त्याच्याकडंबी नाही. लाईटच गेली हाय."

"साऱ्या पाऱ्याची? पुऱ्या मोहल्ल्याची?"

"हव."

"मंग काय करतो तो तरी," गौतम पुटपुटला. त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली, डोळे मिटले.

रस्त्यापलीकडच्या घरात कोणीतरी मिक्सर सुरू केला.

शर्मिष्ठाने उठून खिडकी लावून घेतली.