चौदा नंबरचा टाका

नॉर्मनने तपकिरी पिशवीचं तोंड कात्रीने कापलं आणि आतला हार्नेस, उंचावर काम करताना अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज, टेबलावर पसरला. पिवळे पट्टे, त्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. मांडीचा एक पट्टा मधोमध कापलेला.

"लेबल बघा जरा," तो म्हणाला. "तुमचंच ना?"

इदालीनाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. लेबलाच्या कोपऱ्यात शिवणारीचा नंबर असे. चौदा. या कारखान्यात चौदा नंबर म्हणजे इदालीना रापोझो, आणि तो काही आज-काल मिळालेला नंबर नव्हता. एकतीस वर्षं झाली होती.

"माझंच," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली. "कुठला टाका उसवला?"

"एकही नाही. बघा ना हात लावून."

तिने पाठीवरच्या लोखंडी कडीपाशी बोट फिरवलं. चौकोन आणि चौकोनात फुली. दोरा ताणला गेला होता, चौकोन किंचित वाकडा झाला होता, पण तुटलं काही नव्हतं. मांडीचा पट्टा बचाव पथकाने कापला होता, खाली उतरवताना.

"मग माणूस वाचला असेल."

नॉर्मन तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मजल्यावरचा सुपरवायझर झाला तरी तिच्याशी बोलताना त्याचा आवाज खालीच राही. तो कात्री उगाच उघडत-मिटत राहिला.

"नाही वाचला," तो म्हणाला. "पाण्याची टाकी रंगवत होता, प्रॉव्हिडन्स शहराच्या पलीकडे. पाय घसरला. हार्नेसने धरलं, अगदी धरायला हवं तसं धरलं. पण त्याला खाली कसं आणायचं हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. शिडी पोचेना. आगीचा बंब यायला पाऊण तास लागला. तोवर तो लटकून राहिला होता."

"लटकून माणूस मरतो?"

"डॉक्टर म्हणतात मरतो. मांड्यांचे पट्टे आवळले जातात, रक्त पायांत साठून राहतं, वर येत नाही."

इदालीनाने हार्नेसची घडी घातली, रोज शंभर वेळा घालायची तशीच, आणि पिशवीत परत ठेवली.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या त्या दगडी गिरणीत एकेकाळी सूत निघायचं. आता तिसऱ्या मजल्यावर उंचावर काम करणाऱ्यांसाठी हार्नेस शिवले जात. मशीनवर बसलेल्या बहुतेक बाया पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या. इदालीना एकोणिसाव्या वर्षी त्यातल्याच साओ मिगेल बेटावरून आली, आधी कोट शिवले, मग पडदे, आणि शेवटी हे. काम जाड, दोरा जाड, सुई जाड. संध्याकाळी बोटं सरळ होत नसत. पण पडद्यापेक्षा बरं, असं ती म्हणायची. पडदा कुणाचा जीव वाचवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाण्याच्या नळाशेजारच्या फळ्यावर कंपनीच्या बोस्टनमधल्या ऑफिसातून आलेलं पत्र लागलं. नुकत्याच झालेल्या एका अपघातात आपल्या मालाने निर्दोष कामगिरी बजावली, सर्वांचं अभिनंदन, असा मजकूर होता. पाणी प्यायला गेलं की ते डोळ्यांसमोर येई. इदालीना घरून बाटली आणायला लागली.

त्याच महिन्यात एका मंगळवारी नोरीन हॅनलॉन आली. तिशी ओलांडलेली, अंगात मोठ्या मापाचं पुरुषी जाकीट. ते नवऱ्याचं असणार, हे कुणी सांगायला नको होतं. नॉर्मन तिला आपल्या काचेच्या खोलीत नेत होता, पण ती मशीनच्या रांगेतच थांबली.

"चौदा नंबर कोण?" तिने विचारलं.

मशीनं एकेक करून थांबली. इदालीना उठली. आता ही अंगावर येणार, असं तिला वाटलं. येऊ दे, असंही वाटलं.

"मी, बाई."

"मी ब्रेंडनची बायको. ती टाकी..." नोरीनने हात वर केला आणि तसाच खाली सोडला. "मी भांडायला नाही आले. वकील म्हणाले, शिवण चांगली होती. सगळे मला तेच सांगतात. शिवण चांगली होती, दोर चांगला होता, हूक चांगला होता. मला एवढंच विचारायचंय की त्याला त्यात लटकताना काय झालं असेल. त्याचा कामावरचा जोडीदार म्हणतो, आधी तो थट्टा करत होता. बियर पाठवा वर म्हणाला. मग म्हणाला, माझे पाय कुठे गेले. मग बोललाच नाही. दुखलं असेल का हो त्याला? डॉक्टर मोठमोठे शब्द सांगतात. तुम्ही हे बनवता, तुम्हाला माहीत असेल."

एकतीस वर्षांत किती हार्नेस इदालीनाच्या हाताखालून गेले असतील, देव जाणे. एकदाही तिने तो अंगावर चढवला नव्हता.

"मला नाही माहीत, पोरी," ती म्हणाली. "पण मी सांगेन तुला. फोन नंबर देऊन जा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती चाचणीच्या खोलीत गेली. तिथे छताला वजन उचलायची चेनपुली होती. वाळूचं पोतं हार्नेसमध्ये बांधून वरून सोडत आणि टाके तपासत.

"पोतं काढ," ती नॉर्मनला म्हणाली. "मला लटकव."

"वेड लागलंय का तुम्हाला? अठ्ठावन्न वर्षांच्या आहात तुम्ही! काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"तुझ्या पोत्यापेक्षा मी हलकी आहे. ओढ साखळी."

"इदालीना, ऐका माझं..."

"त्या पोरीला मी शब्द दिलाय. तू ओढत नसशील तर मी शेजारच्या मशीनवरच्या झुल्मीराला बोलावते. ती ओढेल, आणि वर सगळ्या मजल्याला गोळा करेल."

नॉर्मनने दार आतून लावून घेतलं. तिच्या पँटवरून पट्टे आवळताना त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने साखळी ओढली आणि इदालीनाचे पाय जमिनीपासून हातभर सुटले.

आधी नुसतंच अवघडल्यासारखं झालं. मग मांड्यांत पट्टे रुतले आणि दोन मिनिटांत तिथे आग पेटली. तिने वजन या कुशीवरून त्या कुशीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण टेकायला काही नसलं की कूसही बदलता येत नाही. पायांना मुंग्या आल्या. सातव्या मिनिटाला मुंग्याही गेल्या. खाली बघितलं तर बूट दिसत होते, पण ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"उतरवू?" नॉर्मन घड्याळ हातात धरून उभा होता.

"थांब."

नवव्या मिनिटाला तिला मळमळलं. तळव्यांना घाम फुटला. आणि मग दुखायचं थांबलं. मान जड झाली, खोलीतला उजेड मऊ झाला, आणि आता जरा डोळे मिटावेत असं तिला वाटलं. इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

"उतरव," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. नॉर्मनने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि साखळी सोडली.

संध्याकाळी घरी नवऱ्याने, आबेलने, तिच्या मांड्यांवर उमटलेले काळे-निळे वळ बघितले. आबेल रंगाईखान्यात पाठ मोडून घेऊन आठ वर्षं घरी बसला होता. दिवसभर टीव्ही आणि संध्याकाळी कोबीपाल्याचं सूप, हा त्याचा दिनक्रम. तो वाटीत तेल कोमट करून घेऊन आला.

"एकतीस वर्षं दुनियेला टांगायची सोय केलीस," तो म्हणाला, "शेवटी स्वतःच टांगून घेतलंस. उद्या काय करणार? शवपेटी बनवणाऱ्याकडे नोकरी धरलीस तर सांगून ठेव मला."

"हळू चोळ."

"हळूच चोळतोय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "फार होतं का?"

"होतं. मग होत नाही. ते जास्त वाईट."

सूप निवत ठेवून तिने फोन फिरवला. नोरीनने पहिल्याच घंटीला उचलला.

"आधी दुखतं," इदालीना म्हणाली. "खोटं नाही सांगत, चांगलंच दुखतं. पण ते फार वेळ राहत नाही. मग पाय हलके होतात. मग दुखणं थांबतं आणि गुंगी येते. झोप लागताना येते ना, तशी."

"झोप?" नोरीन म्हणाली.

"झोपच. मला उतरावंसंही वाटत नव्हतं."

मळमळीचं आणि त्या भीतीचं तिने सांगितलं नाही. नोरीन रडायला लागली तेव्हा इदालीना फोन कानाला तसाच धरून बसली. आबेलने टीव्हीचा आवाज बंद केला होता.

त्या लटकण्यातली एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जाईना. टेकायला काही नाही. बोटभर जरी आधार पायाखाली असता, तरी मांड्यांवरचं ओझं निघालं असतं. नंतरच्या आठवड्यात ती जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या पट्ट्यांचे तुकडे घेऊन बसली. दोन पट्ट्या, दोन्ही कमरेशी शिवलेल्या, एरवी घडी घालून मुठीएवढ्या पाकिटात बंद. लटकलेल्या माणसाने पाकीट ओढायचं, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवायची, आणि झालेल्या फासात पाय ठेवून उभं राहायचं. हवेतच. घोड्याच्या रिकिबीत उभं राहतात तसं.

पहिलं पाकीट उघडेना. दुसरं आपणच उघडायला लागलं. पाचवं बरं जमलं.

"या खेपेला मी लटकतो," नॉर्मन म्हणाला. "तुमचे पाय अजून निळे आहेत."

तो दोनशे वीस पौंडांचा गडी. झुल्मीरा आणि आणखी दोघींनी मिळून साखळी ओढली. त्याने पाकीट ओढलं, फास केला, पाय ठेवला आणि उभा राहिला.

"कसं वाटतंय?"

"बसस्टॉपवर उभा असल्यासारखं. पेपर द्या कुणीतरी."

झुल्मीराने खरंच पेपर दिला. नॉर्मनने बेसबॉलचं पान वाचलं, मग मृत्यूच्या नोंदींचं वाचलं, मग शब्दकोडं सोडवायला लागला आणि चार अक्षरी नदी विचारून बायांना भंडावून सोडलं. चाळीस मिनिटांनी तो उतरला आणि आपल्या पायांनी चालत गेला. बायांनी टाळ्या वाजवल्या. इदालीना मात्र मशीनवर जाऊन बसली होती. तिला तेव्हा कुणाचंच तोंड बघवेना. दोन पट्ट्या, चार टाके. अकरा मिनिटांचं काम. एवढंच कमी पडलं होतं त्या माणसाला.

नॉर्मनने ते पाचवं पाकीट बोस्टनला पाठवलं. सोबत चिठ्ठी लिहिली, त्यात इदालीनाचं नाव दोनदा लिहिलं. उत्तर आलं की विचार चालू आहे. वर्षभर तो चालूच राहिला. मग एका सकाळी मजल्यावर खोकं आलं. आत छापील नकाशे होते, पाकिटाचे आणि फासाचे, मापांसकट. आता हे प्रत्येक हार्नेसला लावायचं होतं. सोबतच्या पेटंटच्या कागदावर नाव ऑफिसातल्या एका इंजिनियरचं होतं.

नॉर्मन तो कागद घेऊन तिच्या मशीनपाशी आला.

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "शप्पथ लिहिलं होतं. ते म्हणतात, नकाशा त्याने काढला, म्हणून त्याचं नाव."

इदालीनाने कागद हातात घेऊन उजेडात धरला.

"पाकिटाचं तोंड त्याने वरून ठेवलंय," ती म्हणाली. "वरून नको. पडताना माणूस वाकतो, बोट पोचत नाही. बाजूने हवं. हे त्याला कळव."

"आणखी काही कळवू? भांडतो मी, तुम्ही म्हणाल तर."

"माझी कंबर दुखतेय, नॉर्मन. एवढं तोंडाचं बघ."

तोंड बाजूने झालं. पुढची चार वर्षं ती दिवसाला चाळीस पाकिटं शिवत राहिली. कुठूनतरी एखादं पत्र आलंय, कुणी टॉवरवरून पडला आणि पाकीट उघडून उभा राहिला, असं नॉर्मन कधीमधी सांगे. ती "बरं झालं" म्हणे आणि सुई पुढे ढकले. नोरीन नाताळला कार्ड पाठवायची. तिसऱ्या वर्षीच्या कार्डात दुसऱ्या लग्नाची बातमी होती. आबेलने ते कार्ड फ्रिजवर लावलं.

त्रेसष्टाव्या वर्षी तिचा उजवा अंगठा मुडपेनासा झाला आणि तिने काम सोडलं. शेवटच्या दिवशी बायांनी गोड पाव आणला होता. नॉर्मनने भाषण करायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. दुपारी तीनला ती खाली उतरली, पावाची उरलेली पिशवी हातात घेऊन, आणि बसस्टॉपच्या बाकावर बसली.

समोरच्या चर्चच्या कळसावर दुरुस्ती चालली होती. क्रूसाच्या खाली एक माणूस दोराला लटकून पत्रे ठोकत होता. एवढ्या लांबून त्याच्या अंगावर कुणाचा हार्नेस आहे, कमरेला पाकीट आहे की नाही, काही दिसत नव्हतं. दिसत होती ती त्याची पाठ, आणि हातोडीचा आवाज जरा उशिराने येत होता.

तिची बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं.

"चढताय ना, बाई?"

"तू जा," इदालीना म्हणाली.

दुसरी बसही गेली. कळसावरच्या माणसाने हातोडी कमरेला खोवली, दोर सैल केला, आणि हळूहळू, थांबत थांबत, खाली यायला लागला. त्याचे दोन्ही पाय फरशीला टेकेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिने पिशवी उचलली आणि तिसऱ्या बसची वाट बघायला लागली.